पोट कापले, सवयीचे काय?

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या कोर्टात आमच्या टेबलासमोर बसलेल्या एका पक्षकाराने चार लोकांदेखत विचारले, "वकीलसाहेब, तुम्ही तर वजनाचं ऑपरेशन केलं होतं म्हणे. मग पोट पुन्हा कसं आलं जी?" आजूबाजूचे हसले. आम्हीही हसलो. पण संध्याकाळी केशोरीला परतताना तो प्रश्न सोबत घरापर्यंत आला. उलटतपासणीत साक्षीदारांना निरुत्तर करणारे आम्ही, आमच्याच शरीराच्या प्रश्नापुढे निरुत्तर झालो होतो. आज या स्तंभातून त्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत. कारण हा प्रश्न आता आमच्या एकट्याचा राहिलेला नाही. आपल्या समाजातील नोकरदार, शिक्षक, अधिकारी, कार्यकर्ते आणि आपल्या मायबहिणीही आता या शस्त्रक्रियेचा विचार करू लागल्या आहेत.

या शस्त्रक्रियेची माहिती आपल्याकडे पोहोचली ती बातम्यांतून. २०११ साली त्या वेळचे भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष आणि विदर्भातील नेते नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिचे नाव घरोघरी झाले. पुढे २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद या सुमारे पाचशे किलो वजनाच्या महिलेला उपचारासाठी विमानाने मुंबईत आणले गेले. वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. शस्त्रक्रियेच्या आधीचे वजन छापले, नंतरचे वजन छापले. पण दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाने पुढची वीस-तीस वर्षे ताटात काय घ्यायचे आणि काय टाळायचे, हे क्वचितच कोणी छापले. खरी लढाई तर तिथेच असते!

आधी शस्त्रक्रिया म्हणजे काय ते समजून घेऊ. आमची झाली तिला स्लीव्ह म्हणतात. तिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होते. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने माणूस भूकच विसरतो. दुसरी पद्धत बायपासची. तिच्यात जठराची छोटी थैली करून ती आतड्याला पुढे जोडतात. दोन्ही पद्धतींत पहिले वर्ष-दीड वर्ष वजन झपाट्याने उतरते, लोक कौतुक करतात, जुने कपडे ढगळ होतात आणि आपण लढाई जिंकली असे माणसाला वाटू लागते.

पण शरीराला हे वजन उतरणे उपासमारीसारखे वाटते. ते गमावलेली चरबी परत मिळवू पाहते. हळूहळू भूक परत येते, उरलेली थैली थोडी सैल होते आणि जुन्या सवयी मागच्या दाराने घरात शिरतात. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या लोकांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे शस्त्रक्रिया फसवी नाही. दहा वर्षांनंतरही चौथा हिस्सा वजन कमी राहणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. पण थोडे वजन परत येणे हा नियम आहे आणि ते किती परत येईल हे बऱ्याच अंशी खाण्याच्या सवयींवर ठरते.

आता आमची कैफियत. शस्त्रक्रियेच्या वेळी आमचे वजन १२८ किलो होते. मधुमेह होता, रात्री झोपेत श्वास अडकत असे. कर्ज काढून नागपूरला ऑपरेशन केले. चौदा महिन्यांत वजन ८४ वर आले, साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. आम्ही पुन्हा गावोगाव फिरू लागलो, सभा घेऊ लागलो. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस काटा ९७ वर गेला आणि डॉक्टरांनी साखरेची गोळी पुन्हा सुरू केली. ज्या मधुमेहाने बाबासाहेबांचे शरीर पोखरले, तोच आमच्या दारात परत येऊन उभा राहिला होता. दहावीतल्या मुलीने एका रात्री विचारले, "बाबा, तुम्ही रात्री पुन्हा घोरायला लागलात. श्वास पुन्हा थांबेल का?" कोर्टातल्या हसण्यापेक्षा हा प्रश्न जास्त लागला.

असे का झाले? आम्ही काही पूर्वीसारखे ताट भरून जेवत नव्हतो. ते शक्यच नव्हते. पण दोन घास इथे, चार घास तिथे असे दिवसभर तोंड चालू होते. कोर्टात चहा, चहासोबत बिस्किट, बैठकीत चिवडा, कोणाकडे साक्षगंध तर कोणाकडे नामकरण. चहात साखर, सरबतात साखर. घट्ट अन्न थैलीत अडते. पातळ गोड पदार्थ मात्र सरसर उतरतात आणि पोट भरल्याचे कळतही नाही. शस्त्रक्रियेनंतर वजन परत येण्याची ही एक मोठी वाट आहे.

आणि त्याच्याही मुळाशी आमचा खोटेपणा होता. आम्ही गावात ऑपरेशन लपवले होते. पित्ताच्या खड्यांचे होते असे सांगितले. लाज वाटत होती. चळवळीचा माणूस, खाण्यावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतो, असे लोक म्हणतील ही भीती होती. कुजबुज होती, पण उघड कोणी बोलत नव्हते. त्यामुळे ज्याच्या घरी जाऊ तिथे ताट वाढले जाई. झाडीपट्टीत ताट म्हणजे भात. सकाळी भात, संध्याकाळी भात. भाताचा ढीग, त्यावर वरण, कडेला केशोरीच्या मिरचीचा ठेचा. वर घरधनीण म्हणणार, "घ्या ना जी वकीलसाहेब, एवढ्याने काय होते?"

वाचकहो, इथे नाही म्हणणे किती अवघड आहे, हे चळवळीतला माणूसच जाणतो. ज्या समाजाच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्या समाजात आपल्याच माणसाने ताट बाजूला सारले तर ते काळजाला लागते. एका मजूर बाईच्या घरी आम्ही तीन घासांनंतर हात धुतले. ती म्हणाली, "आमच्या घरचा भात चालत नाही का साहेबांना?" त्या वाक्यानंतर आम्ही पुन्हा बसलो आणि उरलेले संपवले. घरी येऊन ओकलो. तिचा दोष काय? तिला आम्ही खरे सांगितलेच नव्हते.

या भाताच्या ढिगाला इतिहास आहे. आमचा आजा मालगुजाराच्या शेतात राबायचा. धान पिकवायचा तो. पण त्याच्या वाट्याला कण्यांची पेज यायची. अख्ख्या दाण्याचा भात सणासुदीला. म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीने शिकून, नोकरी करून जेव्हा ताटात भाताचा डोंगर रचला, तेव्हा तो डोंगर त्यांच्या विजयाचा होता. लेकराने ताटात काही ठेवले तर आई रागवायची. भुकेल्या पिढीने दिलेली ती शिकवण चुकीची नव्हती. पण उपाशी माणसाची सवय खुर्चीवर बसून काम करणाऱ्या वकिलाच्या अंगी राहिली, तर ती त्याला मारते. देशाचे चित्रही असेच दुहेरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के कृश आढळल्या, तर २४ टक्के जादा वजनाच्या. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, दोन्ही दुखणी नांदत आहेत.

मग सवय बदलते का? आम्ही म्हणतो, आपल्या समाजाइतका याचा पुरावा दुसऱ्या कोणाकडे नाही! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. पिढ्यान्‌पिढ्यांची खाण्याची रीत होती ती आणि तिच्यामागे भूक होती. तरीही गावेच्या गावे बदलली. का बदलली? कारण ती एकेकट्या माणसावर सोडली नव्हती. सभेत निर्णय झाला, वस्तीने तो उचलला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांभाळले. खाण्याची सवय सार्वजनिक रीतीने बदलली. आम्ही मात्र शंभर वर्षांनी आमची सवय चोरून बदलायला निघालो होतो.

तथागतांच्या काळातही असाच एक प्रसंग घडला. संयुत्त निकायात कोसल संयुत्तामध्ये द्रोणपाक सुत्त आहे. कोसलाचा राजा प्रसेनजित एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा तो जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची टर उडवली नाही, त्याला पापी ठरवले नाही, उपवासही सांगितला नाही. सावध राहून भोजनाची मात्रा जाणणाऱ्या माणसाच्या वेदना हलक्या होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, एवढ्या आशयाची एक गाथा सांगितली. राजाने काय केले ते महत्त्वाचे आहे. त्याने स्वतःच्या निश्चयावर भरवसा ठेवला नाही! मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली, आपण जेवत असताना ती म्हणण्याचे काम त्याला दिले आणि त्यासाठी रोज शंभर कार्षापण ठरवले. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. अट्ठकथेत तर असे आहे की, शेवटचा घास हातात असताना गाथा ऐकून राजा तो घास टाकून देई आणि त्या घासात जितके दाणे असतील तितके तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवले जात. एकदम निम्मे नाही; एका घासाने कमी. मध्यम मार्ग म्हणतात तो हाच.

राजाकडे कार्षापण होते, आमच्याकडे विहार होता. गेल्या वर्षी वर्षावासातल्या एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही उभे राहिलो आणि सगळे सांगितले. ऑपरेशन कसले होते, खोटे का बोललो, वजन किती परत आले. सभा क्षणभर गप्प झाली. मग मागून एक आजी म्हणाली, "येवढेच ना जी? आधी सांगतले असते तर आम्ही कायले वाढले असते?" त्या दिवसापासून ती आजी आमची सुदर्शन झाली. कार्यक्रमात आम्ही जेवायला बसलो की ती लांबून पाहते आणि हाक मारते, "बस करा, वकीलसाहेब!" लोक हसतात, आम्हीही हसतो आणि हात थांबतो. ती मजूर बाई आता आमच्यासाठी वाटीभर वरण आणि एक उकडलेले अंडे काढून ठेवते. ताट नाकारल्याचे दुःख तिलाही राहिले नाही, आम्हालाही. आज काटा ८८ वर आहे.

ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो. त्या डॉक्टर व आहारतज्ज्ञांकडून आणि अनुभवातून शिकलेल्या आहेत. आपल्या डॉक्टरांचा सल्ला त्याहून वरचा समजावा. पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ, मग नेहमीचे अन्न, हा क्रम मोडू नये. त्यानंतर ताटातला क्रम बदलावा: आधी अंडे, मासा, डाळ, मग भाजी, भात सगळ्यात शेवटी आणि जागा उरली तरच. रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, नाहीतर चरबीऐवजी स्नायू झिजतात आणि केस गळतात. त्यासाठी महागडे डबेच हवेत असे नाही. दोन अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम, तळ्यातल्या माशाच्या शंभर ग्रॅममध्ये १८ च्या आसपास, धुऱ्यावरच्या तुरीच्या ५० ग्रॅम डाळीत ११, मूठभर फुटाण्यांत ६ आणि पेलाभर दुधात किंवा दह्यात ६. झाला हिशेब जवळपास पुरा. उलट शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात अडीच-तीन ग्रॅमच प्रथिने असतात. तो आधी खाल्ला तर बाकीच्याला जागाच राहत नाही.

घास लहान घ्यावा, बारीक चावावा आणि जेवणाला वीस-तीस मिनिटे द्यावीत. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे. पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबावे. आम्हाला ती छातीच्या खाली दडपल्यासारखी जाणवते. खाण्याच्या वेळा ठरवाव्यात आणि मधल्या वेळी तोंड बंद ठेवावे. चहा बिनसाखरेचा घ्यावा. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर येत असेल, विशेषतः बायपासनंतर, तर तो शरीराचा इशारा समजावा. केशोरीची मिरची? पहिले सहा महिने आम्ही तिचा फक्त वास घेतला. आता चिमूटभर चालते. आठवड्यातून एकदा काट्यावर उभे राहावे आणि आकडा घरच्यांना सांगावा. वाढ दोन-तीन किलोंची असतानाच डॉक्टरांकडे जावे, तेरा किलो होईपर्यंत आमच्यासारखे लपून बसू नये.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि रक्ताची तपासणी जन्मभराची आहे, हे विसरू नये. वारंवार उलट्या होत असतील तर घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखाना गाठावा. त्यात बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदू आणि नसांना इजा होऊ शकते. आणि दारू? शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, ती रक्तात लवकर आणि जास्त चढते आणि काहीजण पूर्वी नसलेल्या व्यसनात अडकतात. पाचवे शील घेतलेल्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.

वकील म्हणून दोन शब्द. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया म्हटली की विमा कंपन्या सरसकट हात वर करीत असत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळण्याच्या अटी प्रमाणित केल्या. त्यानुसार रुग्ण १८ वर्षांवरील असेल, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली असेल, साधे उपाय निष्फळ ठरले असतील आणि बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार यांसारख्या आजारांसह ३५ किंवा अधिक असेल, तर केवळ लठ्ठपणाचे कारण दाखवून दावा फेटाळता येत नाही. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ मात्र तपासून घ्यावा. पण विमा दवाखान्याच्या दारापर्यंत येतो, ताटापर्यंत येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा हक्क उपासमारीविरुद्धची ढाल आहे, त्याला कोणी हात लावता कामा नये. पण तो हक्क धान्याचा आहे, डाळीचा नाही. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. पण मोर्चात आणि मतपेटीपाशी जाता येते! भाताबरोबर डाळ आणि अंडेही गरिबाच्या ताटात यावे, ही मागणी चळवळीने उचलली पाहिजे.

शेवटी एक. जाड माणसाला हसणे, त्याला आळशी, खादाड म्हणणे सोडा. गरिबीला पूर्वजन्मीचे कर्म म्हणणारे आणि लठ्ठपणाला निव्वळ चारित्र्याचा दोष म्हणणारे एकाच पठडीतले. आम्ही प्रतीत्यसमुत्पाद मानणारी माणसे; कारण शोधतो आणि कारण दूर करतो. शस्त्रक्रियेने एक कारण दूर होते. उरलेली कारणे ताटात, चहाच्या टपरीत, लग्नाच्या पंगतीत आणि आपल्या लाजेत असतात. ती एकट्याने दूर होत नाहीत.

म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी ती लपवू नये. आणि बाकीच्यांनी, आपल्या घरात, विहारात, पंगतीत असा कोणी असेल तर त्याला आग्रहाने वाढू नये. त्याचा सुदर्शन व्हावे.

जयभीम!